मेणाखालचे चार ठिपके

पावाला नेलपॉलिशचा वास येत होता. पहिल्या घासाला वाटलं, माझंच नाक बिघडलं असणार. बावीस वर्षं लॅबमध्ये नको नको ते हुंगून नाकाची वाट लागलेलीच आहे. पण दुसऱ्या घासालाही तेच. स्लाइस उलटीसुलटी करून पाहिली, चहा बाजूला सरकवला. समोर वन्सं बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हे गेल्यापासून माझ्याकडेच राहतात आणि घरातल्या मोडक्या वस्तू एकेक करून हाताखालून काढतात. "डब्याच्या झाकणाला चीर गेली होती गं," त्या खुशीत म्हणाल्या, "मुंग्या शिरत होत्या. काल संध्याकाळी नेलपॉलिशनं बुजवून टाकली. बघ, कळतं तरी का कुठं होती ती!" मी म्हटलं, "आतून लावलंत?" "मी काय वेडी आहे? बाहेरून लावलं, वरच्या वर. आत कसं जाईल?" "जातं, वन्सं," मी म्हणाले, "वाळायच्या आत झाकण लावलं की सगळं आतच जातं." आणि हे बोलता बोलता माझा हात पावासकट तसाच राहिला. "काय झालं?" वन्संनी विचारलं. "काही नाही, उशीर झालाय," म्हणून मी उठले. उशीर वगैरे काही झाला नव्हता, आठ वाजायला अजून दहा मिनिटं होती.

बसमध्ये खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसेना. आज तीन वाजता टाचणीचं भाषण होतं. टाचणी हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. बारीक, ताठ आणि कुठंही हात लावा, टोचणारी. आमच्या लॅबमध्ये ती साडेतीन वर्षं पीएचडी करतेय आणि मी तिच्या स्लाइड लावते. बाहेरगावचे मोठे तज्ज्ञ येणार होते, लॅबचे सर गेला आठवडाभर हवेत होते, आणि दोन महिन्यांनी टाचणीला दुसऱ्या देशातल्या एका लॅबमध्ये जागा मिळायची होती, ती याच कामाच्या जोरावर. काम काय, तर यीस्ट. ज्यानं पाव फुगतो तेच. त्यातल्या एका जातीचं एक जनुक हिनं काढून टाकलंय. ही जात फ्लास्कमध्ये मोकळी असली की झकास वाढते, पण काचेवर दाबून बसवली की पाऊण तासात तिला कळ्या फुटायच्या थांबतात. साध्या जातीचं तसं होत नाही. म्हणजे दाटीवाटीत वाढायला हे जनुक लागतं, असं टाचणीनं शोधून काढलं. सर म्हणाले, वीस वर्षांत माझ्या हातून असं काही निघालं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. साध्या जातीच्या स्लाइड ती स्वतः लावायची. जनुक काढलेल्या जातीच्या मी. दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी, दोन स्लाइड एकाच वेळी चढवायच्या, म्हणून सरांनीच कामं अशी वाटून दिली होती. आणि या जातीच्या माझ्या प्रत्येक स्लाइडवर, मेणाच्या खाली, चार कोपऱ्यांना नेलपॉलिशचे चार ठिपके होते. मी बसच्या दांड्याला धरून बसले होते, बसलेल्या माणसाला दांडा धरायची काय गरज, पण धरला होता.

हे ठिपके मला कुणी शिकवले नव्हते. आधीच्या सरांच्या काळात आमच्याकडे सगळं मेलेलंच असायचं. पेशी आल्या की पहिलं त्यांना फॉर्मलिनमध्ये घालायचं, मग रंग, मग वर पातळ झाकणकाच आणि कडेनं नेलपॉलिश. झालं. कपाटात अजून त्या काळच्या स्लाइड आहेत, काल लावल्यासारख्या. मेलेली पेशी तक्रार करत नाही, हलत नाही, वाट पाहते. माझा हात त्या कामाला असा बसला होता की आधीचे सर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, बघा, यांच्या स्लाइडला बुडबुडा सापडला तर मी जेवण देईन. मग ते निवृत्त झाले, हे सर आले, आणि जिवंत पेशी आल्या. जिवंत पेशीचे लाड काय सांगू! संध्याकाळी तिला ताज्या खाद्यात सोडायची, सकाळी ती ऐन वाढीत असताना पकडायची, ना फार कोवळी ना थकलेली. हलक्या वेगानं फिरवून तळाला बसवायची, वर राहिलेलं तपकिरी खाद्य काढून टाकायचं, कारण ते मायक्रोस्कोपखाली चमकतं आणि काही दिसू देत नाही. मग स्वच्छ, बिनरंगाच्या खाद्यानं दोनदा धुवायची. दोन काचांच्या मध्ये गरम अगारचा, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीचा, थेंब दाबून त्याची चपटी, सपाट वडी करायची, वरची काच अलगद सरकवून काढायची. त्या वडीवर पेशींचा एवढासा थेंब. तो जिरेपर्यंत थांबायचं, ओली चमक गेली पाहिजे पण वडी सुकता कामा नये. हे घड्याळात पाहून येत नाही, बघून बघून येतं. मग झाकणकाच आणि कडेनं मेण. व्हॅसलीन, लोकरीची चरबी आणि मेण सारख्या वजनानं वितळवून केलेलं. नेलपॉलिश नाही. नेलपॉलिशमधला द्रव उडून जाईपर्यंत आतल्या पेशींचा जीव घेतो, हे मला टाचणीनं या कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. बसमधून उतरताना मी कुणाच्या तरी पायावर पाय दिला आणि त्यालाच म्हणाले, "बघून चाला की जरा."

लॅबमध्ये कोणी आलं नव्हतं. मी दिवे लावले, मेणाचं भांडं तापत ठेवलं आणि इनक्युबेटर उघडला. टाचणीचा फ्लास्क आत हलत होता; भाषणाचा दिवस असला म्हणून काय झालं, ही पोरगी रोज नेमानं पेशी लावून जाते. मला इतका राग आला त्या नेमाचा! एक दिवस विसरली असतीस तर मला आज काही करून बघता आलं नसतं, असं मी फ्लास्कला म्हटलं. मग फ्लास्कमधल्या पेशी नळीत घेतल्या, फिरवल्या, धुतल्या. दोनदा धुतल्या. अगारच्या दोन वड्या केल्या. दोन्ही वड्यांवर तीच जात, जनुक काढलेली, एकाच नळीतली. पहिल्या स्लाइडला नेहमीसारखे चार ठिपके आणि वर मेण. दुसरीला फक्त मेण. आणि काय सांगू, दुसरीला मेण लावताना झाकणकाच केसभर सरकली. ठिपके असते तर सरकली नसती. म्हणून तर होते ते, टाचणीच म्हणायची, "काकू, तुमच्या स्लाइड इंचभरही हलत नाहीत, माझ्या मेल्या पोहत असतात!" तेव्हा मला गालातल्या गालात हसू यायचं. तिला कळत नव्हतं का हलत नाहीत ते. दोन्ही स्लाइड दोन मायक्रोस्कोपवर चढवल्या, खालचा गरम पट्टा लावला. दहाला पाच कमी होते. यीस्टला एकदा दुप्पट व्हायला दीड तास लागतो. म्हणजे निदान दीड तास मला स्वतःबरोबर बसायचं होतं.

पहिली वीस मिनिटं दोन्हीकडे सारखं होतं. गोल गोल पेशी, काहींच्या अंगाला बारीकशी लेक फुटलेली. आमच्याकडे म्हणतातच तसं, आई आणि लेक. मी एका स्टुलावरून दुसऱ्या स्टुलावर जात होते. बसवत नव्हतं. खिडकी उघडली, बंद केली. हात धुतले. मनात एक वकील बसला होता आणि तो सारखा म्हणत होता, अगं, विसरलीस तू. बावीस वर्षांची सवय. बोटं आपोआप बाटलीकडे जातात. कोर्टात उभं केलं तरी सुटशील. आणि दुसरं असं की, वकील पुढं म्हणाला, बोलून कुणाचं भलं होणार आहे? पोरीची जागा जाईल. सरांची मान खाली जाईल. तू पाच महिन्यांनी निवृत्त होणार, शाल देतील, दोन शब्द बोलतील. उद्या दुसऱ्या कुठल्या लॅबनं करून पाहिलं आणि नाही जमलं, तर म्हणतील, होतं असं, विज्ञान आहे. हे सगळं मला पटत होतं, खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून पटत होतं. पण सवय हा शब्द आला की कुठंतरी अडकायला व्हायचं. कारण सवय नव्हती ती. पहिल्या आठवड्यात सांगितल्यापासून मी चार महिने नेलपॉलिशला हात लावला नव्हता; जनुक काढलेली जात तोवर तयारच झाली नव्हती, सगळ्या स्लाइड साध्या जातीच्याच असायच्या. बाटली कपाटात मागं टाकली होती. ती मी पुन्हा काढली तो दिवस मला माहीत होता, आणि त्या दिवशी मी कुठलं पातळ नेसले होते तेही माहीत होतं.

तो दिवस असा. हे जाऊन तेव्हा पंचवीस दिवस झाले होते. फुप्फुसाचा आजार, दोन महिने दवाखाना. शेवटच्या दिवशी मी त्यांचा धुतलेला शर्ट आणायला घरी आले होते, कारण डॉक्टर म्हणाले होते की उद्या सोडू. परत गेले तर खाटेभोवती पडदा ओढलेला. मी पडद्याच्या बाहेर शर्ट घेऊन उभी, आणि नर्स म्हणाली, बाई, आत जा. आत गेले. ह्यांचा हात हातात घेतला, अजून गरम होता. तेवढ्या गरमपणावर मी किती वेळ बसले असेन कोण जाणे. मग कामावर परत आले, घरात भिंती खायला उठायच्या म्हणून. त्या दिवशी लॅबमध्ये नवीन दोन मुलं कामाची पद्धत बघायला उभी होती, सर होते, टाचणी होती. माझ्या स्लाइडवर झाकणकाच जरा सरकली आणि मी सहज म्हणाले, जुन्या पद्धतीनं कोपरे धरले असते तर ही हलली नसती. टाचणी मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाली, "काकू, तुम्हाला मेलेल्यांची सवय आहे. या जिवंत आहेत." मुलं हसली. सरही हसले. मीही हसले, चारचौघांत काय करणार. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण ते वाक्य असं आत जाऊन बसलं की काढता येईना. सगळे जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं, मागून बाटली काढली आणि पुढच्या स्लाइडला, जनुक काढलेल्या जातीच्या पहिल्याच स्लाइडला, चार कोपऱ्यांना चार ठिपके लावले. एवढे एवढे. वरून मेण फिरवलं, काही दिसेना. मनात म्हटलं, बघू, मरतात का तुझ्या.

मेल्या नाहीत त्या. नुसत्या थांबल्या. आणि टाचणी दुपारी उड्या मारत आली, "काकू, बघा ना, पाऊण तासात थांबल्या सगळ्या, साध्या जातीच्या चालूच आहेत!" तिनं मला मिठी मारली. मला वाटलं, सांगावं. वाटलं, पुढच्या वेळी ठिपके लावले नाहीत की तिला आपोआप कळेल आणि हे सगळं जिरून जाईल. पण पुढच्या वेळी सर येऊन माझ्या मागं उभे राहिले, म्हणाले, काकू, मागच्यासारखीच लावा हं, काही बदलू नका. मग मी मागच्यासारखीच लावली. तेव्हा राग नव्हता, राग केव्हाच गेला होता. तेव्हा नुसती भीती होती. तिसऱ्या वेळी भीतीसुद्धा नव्हती. तेव्हा खरोखर बोटं आपोआप बाटलीकडे गेली. अशी अकरा महिन्यांत सव्वीस वेळा. आणि त्यातल्या कितीतरी वेळा मी घरी येऊन वन्संना सांगितलं की आमच्या लॅबचं नाव होणार आहे. माणूस स्वतःला कुठं कुठं ठेवून विसरतो, मला खरंच कळत नाही.

अकराला ठिपकेवाल्या स्लाइडकडे पाहिलं. ज्या लेकी फुटल्या होत्या त्या तेवढ्याच होत्या. दुसरीकडे पाहिलं, तर आईएवढी झालेली लेक, आणि पलीकडे आणखी एक कळी. साडेअकराला इथं तेच, तिथं घोस. बाराला मी दोन्हींचे फोटो काढले, वेळ टाकली. जनुक नसलेली ती जात काचेवर दाबून बसवलेली असतानासुद्धा मजेत वाढत होती. तिला दाटीवाटीचं काही वाटत नव्हतं. मायक्रोस्कोपवर कपाळ टेकून मी जरा वेळ बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट त्या वाढणाऱ्या पेशी बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची चीड आली.

टाचणी वरच्या मजल्यावर रिकाम्या वर्गात एकटीच भाषणाची तालीम करत होती. इस्त्रीचा कुर्ता, केस ओले, हातात कागद. मला बघून म्हणाली, "काकू, बरं झालं आलात, इथं बसा आणि मला सांगा, मी फार भरभर बोलते का." मी बसले नाही. फोटो तिच्या हातात दिले आणि सांगितलं. ठिपक्यांचं सांगितलं, मेणाखाली लावते ते सांगितलं, सव्वीसच्या सव्वीस वेळा. रागाचं तेवढं सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, तिथं वकिलानं हात धरला. ती फोटो बघत राहिली, मग खाली बाकावर बसली. तिच्या गळ्यापाशी एक शीर उडत होती. "आणखी कुणाला सांगितलंत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. माझ्या सकाळभरच्या सगळ्या पळवाटा तिच्या तोंडावर एकामागून एक येताना मी पाहिल्या. जागा, सर, दोन महिने, कुणाला कळणार आहे. मी तिथं उभी राहून मनात म्हणत होते, बोल गं, गप्प राहू या म्हण, म्हणजे मी सुटले. ती उठली, तोंडावर पाणी मारून आली. "मीच सांगते," ती म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. सवयीनं झालं म्हणून सांगते. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही." आणि वर माझ्या खांद्यावर थोपटलं. माझ्या लेकीच्या वयाची पोर, तिची सगळी वर्षं माझ्यापायी पाण्यात गेलेली, आणि ती मला थोपटत होती.

तीनला खोली भरली. वीसेक माणसं असतील. मी मागं दाराजवळ, एरवी पाण्याचा जग घेऊन उभी राहते तिथं. टाचणीनं पहिलं चित्र लावलं आणि ताठ उभी राहून म्हणाली की आज सांगायचं होतं ते खरं नाही. भरभर बोलली नाही. दोन्ही फोटो दाखवले. "आमच्याकडे पूर्वी मृत पेशींचं काम व्हायचं. त्या सवयीनं स्लाइडच्या कोपऱ्यांना नेलपॉलिश लागत राहिलं. मी तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. जबाबदारी माझी आहे." सरांचा चेहरा पांढरा पडला आणि मग हळूहळू माणसात आला. बाहेरगावच्या पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "सवयीचं असंच असतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या तरुणपणी त्यांनी कशी वर्षभर भलतीच बाटली वापरली त्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. सर म्हणाले, वेळेत कळलं हे काय कमी आहे, पुन्हा करू, जागेसाठी मी पत्र लिहितो. कुणीतरी मागं वळून माझ्याकडे समजुतीनं पाहिलं. सगळं इतकं मायेनं चाललं होतं की मला तिथं उभं राहवेना. दार मागंच होतं, बाहेर पडता आलं असतं.

"सवय नव्हती," मी म्हणाले. या खोलीत बावीस वर्षांत मी पहिल्यांदा बोलत होते, आणि आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळले. पाहुण्यांनी सरांना विचारलं, या कोण? सर म्हणाले, "काकू, बसा तुम्ही, नंतर बोलू." मी म्हटलं, "नाही सर. मला नको म्हणून सांगितलं होतं. मला कळलंही होतं. चार महिने मी लावलं नाही. मग एक दिवस रागानं लावलं, मुद्दाम. पुढं भीतीनं लावत राहिले. या पोरीची काही चूक नाही."

टाचणी पुढं दोन पावलं आली. "कसला राग, काकू?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, ती खरंच विचारत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, निदान आता तरी आठवेल म्हणून. तिला काही आठवत नव्हतं. अकरा महिने जे वाक्य मी झोपताना आणि उठताना ऐकलं होतं, ते मला आता वीस माणसांत म्हणून दाखवावं लागलं. कुठल्या दिवशी, कुणासमोर, काय शब्द. ह्यांना जाऊन तेव्हा पंचवीसच दिवस झाले होते, हे मी सांगितलं नाही. ते तिच्या डोक्यावर टाकायचं नव्हतं. त्यामुळं नुसतं वाक्यच उरलं, आणि ते केवढंसं होतं.

"एवढ्यासाठी?" टाचणी म्हणाली.

"हो," मी म्हणाले.